मागचे पाहिले असेल तरच: सुपरहीरो चित्रपटमालिकांचे ग्राहक-परीक्षण

नागपुरातील मल्टिप्लेक्समध्ये रविवारी संध्याकाळी चौघांनी एखादा सुपरहीरो-पट पाहायचे ठरवले, तर शंभर रुपयांवरील तिकिटाला लागणारा १८ टक्के जीएसटी, थ्रीडी खेळ असल्यास चष्म्याचे निराळे पैसे, ऑनलाइन बुकिंगचे शुल्क आणि मध्यंतरातील पॉपकॉर्न धरून दीड-दोन हजार रुपये सहज जातात. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्या जागी पूर्ण असावी आणि ती वापरण्यासाठी आणखी चार वस्तू आधीच घेतलेल्या असाव्यात अशी अट नसावी, ही अपेक्षा कोणत्याही ग्राहकाला रास्तच वाटेल. अमेरिकी कॉमिक्समधील नायकांवर चित्रपट काढणाऱ्या मार्व्हलने मात्र गेल्या काही वर्षांत हीच अट कुठेही न सांगता लादली आणि तिची प्रतिस्पर्धी असलेल्या डीसीने तिचे अनुकरण केले. या चित्रपटांच्या ज्या घसरणीची आज एवढी चर्चा होते, तिचे मूळ माझ्या मते या अटीत आहे. म्हणून येथे सुट्या चित्रपटांच्या गुणदोषांपेक्षा संपूर्ण मालिकेकडे विक्रीस ठेवलेला माल म्हणून पाहिले आहे.

आमच्या चाहतेमंडळींत या प्रश्नावर दोन तट आहेत आणि धरमपेठेतील तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी रविवारी सकाळी ते हमखास भिडतात. पहिल्या तटाचे म्हणणे असे की प्रेक्षकांना सुपरहीरोंचाच कंटाळा आला असून हा प्रकार आता उतरणीला लागला आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की कंटाळा वगैरे काही नाही, वाईट चित्रपट काढले म्हणून लोक आले नाहीत, चांगला काढला की येतील. दोघांकडेही आकडे आहेत आणि दोघांचेही आकडे अर्धवट आहेत. २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’ने जगभरात जेमतेम २० कोटी डॉलर मिळवले, ही मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटांतील सर्वांत कमी कमाई ठरली. परंतु पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने १३० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा कंटाळ्याचा सिद्धांत लंगडा पडला. मग २०२५ मध्ये ‘थंडरबोल्ट्स’ आला. समीक्षकांनी त्याला उचलून धरले, पाहणाऱ्यांनीही नावे ठेवली नाहीत, तरी तो ३८ कोटी डॉलरच्या आसपास थांबला आणि चांगला काढला की लोक येतात, हा दुसरा सिद्धांतही लंगडा पडला. मंडळातील एका मित्राने वैतागून, यंदाच्या मारबतीत, म्हणजे नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, मल्टिव्हर्सचा (मार्व्हलच्या समांतर विश्वांच्या कथेचा) बडग्या, म्हणजे पुतळा, काढावा, अशी सूचना केली होती. ती हशात उडाली, पण तिच्यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही.

ही वस्तू मुळात काय होती, हे आधी पाहिले पाहिजे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ची गोष्ट स्वतःची स्वतः सुरू होते आणि संपते. शस्त्रे विकणारा एक माणूस आपल्याच शस्त्रांनी जखमी होतो, गुहेत बसून चिलखत बनवतो आणि परत आल्यावर तो धंदा बंद करतो. श्रेयनामावली संपल्यावर निक फ्यूरी हे पुढच्या चित्रपटांची चाहूल देणारे पात्र मिनिटभर येऊन जाते खरे, पण तोपर्यंत टॉकीजबाहेर पडलेल्या प्रेक्षकाचे काही बुडत नव्हते. ते दृश्य वर मिळालेले होते, किमतीत धरलेले नव्हते. पुढे ‘द विंटर सोल्जर’ राजकीय थरारपट म्हणून उभा राहिला. एक रकून आणि एक झाड यांना सोबत घेऊन आलेल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’तील एकही पात्र आपल्याकडील सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नव्हते, तरी त्याचे काही अडले नाही. डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरला मार्व्हल विकत घेतली आणि मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी यांच्या देखरेखीखाली २००८ ते २०१९ या काळात २३ चित्रपट आले. म्हणजे वर्षाला सरासरी दोन. दोन चित्रपटांच्या मध्ये विसरायला, पुन्हा पाहायला आणि वाद घालायला भरपूर वेळ मिळत असे.

एप्रिल २०१९ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा त्या मालिकेतील बाविसावा चित्रपट. त्याने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले, भारतातील निव्वळ कमाई ३५० कोटी रुपयांच्या पुढे गेली आणि देशातील काही शहरांत मध्यरात्रीनंतर व पहाटेही खेळ लावावे लागले. माझ्या कसोटीवर ‘एंडगेम’ही नापास होतो, हे येथे मान्य करायला हवे, कारण मागचे काहीच न पाहिलेल्या माणसाला त्यातील तीन तासांत काय चालले आहे ते समजणे कठीण आहे. फरक एवढाच की तो शेवट होता आणि त्या शेवटापर्यंत लोक आपापल्या हौसेने पोहोचले होते. जमलेले सारे प्रेम त्याने एका दिवसात वसूल करून घेतले. पुढचे खाते शून्यापासून उघडायचे आहे, ही गोष्ट मात्र विक्रेत्याच्या लक्षात आलेली दिसत नाही.

कारण त्यानंतर जे झाले ते पाहावे. २०२१ आणि २०२२ या अवघ्या दोन वर्षांत मार्व्हलने ७ चित्रपट, ८ मालिका आणि २ विशेष भाग बाजारात आणले. मालिका चित्रपटगृहात दिसत नव्हत्या. त्यांच्यासाठी आधी डिस्ने प्लस हॉटस्टारची आणि फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टारची वर्गणी भरावी लागते. ‘वांडाव्हिजन’ न पाहता ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा दुसरा भाग पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला, मागच्या चित्रपटापर्यंत भल्या बाजूने लढणारी वांडा एकाएकी मुलांसाठी माणसे का मारत सुटली, हे उमगत नाही. एकच गोष्ट दोन दुकानांत वाटून ठेवायची आणि दोन्हीकडे पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार होता. यातील ‘वांडाव्हिजन’ आणि ‘लोकी’ या मालिका उत्तम आहेत. माझी तक्रार त्यांच्या दर्जाविषयी नसून त्या न पाहणाऱ्याला होणाऱ्या दंडाविषयी आहे.

‘द मार्व्हल्स’ हा या अटीचा सर्वांत स्पष्ट नमुना असल्याने त्यावर थोडे थांबतो. तीन नायिकांपैकी कॅरल २०१९ च्या चित्रपटातून येते, मोनिकाला शक्ती मिळते ती ‘वांडाव्हिजन’मध्ये आणि कमला खान येते ‘मिस मार्व्हल’ या मालिकेतून. चित्रपटाची लांबी १०५ मिनिटे, म्हणजे संपूर्ण मालिकेत सर्वांत कमी. साहजिकच ओळखी करून द्यायला त्याच्यापाशी वेळ नाही. १० नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर तो लागला, तेव्हा मी भावाच्या कुटुंबाला घेऊन गेलो होतो. वहिनी चोखंदळ प्रेक्षक आहेत, ‘ब्लॅक पँथर’ त्यांनी आवडीने पाहिलेला आहे. अर्ध्या तासाने त्यांनी हळूच विचारले, “भाऊजी, ही मधातली कोण आहे?” मी सांगू लागलो आणि माझे सांगणे संपेपर्यंत पडद्यावरच्या तिघींनी तीनदा जागा बदलल्या होत्या. कमलाचे काम करणाऱ्या इमान वेलानीने त्या चित्रपटात जीव ओतला आहे, तिच्या घरच्या माणसांचे प्रसंग तर आपल्याकडील कोणत्याही घरात शोभतील असे आहेत. पण एक चांगली अभिनेत्री आणि काही चांगले प्रसंग यांच्या बळावर मधल्या दोन मालिकांची गैरहजेरी भरून निघत नाही.

याच सुमारास कारखान्याच्या आत काय चालले होते, तेही बाहेर येऊ लागले. व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकीय दृश्यपरिणामांचे, काम करणाऱ्यांवरील ताणाच्या तक्रारी वाढल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी संघटना स्थापण्याच्या बाजूने मतदान केले. ज्या कँग या खलनायकाभोवती पुढची सगळी आखणी होती, त्याचे काम करणारे जोनाथन मेजर्स यांना त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने दोषी ठरवले आणि मार्व्हलने त्यांना काढून टाकले. त्यापूर्वीच ‘अँट-मॅन’च्या तिसऱ्या भागाने, ‘क्वांटममेनिया’ने, त्या खलनायकाची हवा काढून घेतली होती. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी संख्या वाढवल्याने लक्ष विखुरले गेल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट असे धोरण सांगितले. उशिरा सुचलेले असले तरी ते शहाणपण आहे.

डीसीचा प्रकार निराळा आणि ग्राहकाच्या दृष्टीने अधिक चमत्कारिक आहे. तेथे चाहत्यांनी मोहीम चालवून ‘जस्टिस लीग’ची झॅक स्नायडर यांची चार तासांची आवृत्ती २०२१ मध्ये प्रदर्शित करायला लावली. प्रेक्षकांच्या हट्टापुढे एवढी मोठी कंपनी नमली याचा आम्हा सर्वांना आनंद झाला होता. मात्र मोठा आवाज म्हणजे मोठी संख्या नव्हे, हेही त्यानंतर दिसले. २०२२ मध्ये जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे डीसीच्या चित्रपटांचा कारभार आला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी नव्या विश्वाची आखणी जाहीर केली. त्यानंतर त्याच वर्षी ‘शझाम’चा दुसरा भाग, ‘द फ्लॅश’ आणि ‘अ‍ॅक्वामॅन’चा दुसरा भाग हे जुन्या विश्वातील चित्रपट ओळीने विक्रीला आले. लवकरच बंद होणार म्हणून विक्रेत्यानेच सांगितलेला माल पूर्ण किमतीत कोण घेईल? ‘द फ्लॅश’ २७ कोटी डॉलरवर अडकला, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. सोनीने स्पायडर-मॅनला बाजूला ठेवून त्याच्या आजूबाजूच्या पात्रांवर काढलेल्या ‘मॉर्बियस’, ‘मॅडम वेब’ आणि ‘क्रेव्हन’ यांच्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

आता २०२५ चा माल. त्या वर्षी चार मोठे चित्रपट आले आणि चौघांनी मागचे पाहण्याच्या या अटीला चार वेगवेगळी उत्तरे दिली, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने काहीच उत्तर दिले नाही. तो समजण्यासाठी २००८ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ आठवावा लागतो, २०२१ चा ‘इटर्नल्स’ पाहिलेला असावा लागतो आणि ‘फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही मालिकाही लागते. सतरा वर्षांपूर्वीच्या, मार्व्हलच्या चाहत्यांनाही अंधुक आठवणाऱ्या चित्रपटातील धागा उचलून त्यावर नव्या नायकाचा पहिला चित्रपट उभारणे ही विक्रीकला नव्हे. अँथनी मॅकी या गुणी नटाची ती उपेक्षाच झाली.

‘थंडरबोल्ट्स’मधील मंडळीही इकडून-तिकडून गोळा केलेली आहेत. कोणी ‘ब्लॅक विडो’तून, कोणी मालिकेतून, कोणी ‘अँट-मॅन’च्या दुसऱ्या भागातून आलेले. पण दिग्दर्शक जेक श्रायर यांनी एक युक्ती केली. ही माणसे पूर्वी काय करत होती याला महत्त्व न देता आज त्यांना काय वाटते आहे यावर चित्रपट उभा केला, आणि ज्याला एकटेपणा ठाऊक आहे त्याला ते समजायला मागचे काही पाहावे लागत नाही. फ्लॉरेन्स प्यूने साकारलेली येलेना पहिल्याच दृश्यात उंच इमारतीच्या टोकावर उभी राहून आपल्याला पोकळ वाटते असे सांगते आणि शेवटी तीच दुसऱ्याच्या पोकळीत उतरते. सेंट्री नावाचा महाशक्तिमान नायक म्हणून तयार केलेला बॉब जेव्हा काळ्या छायेचे रूप घेतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील माणसे भिंतीवरच्या सावल्या होऊन विरून जातात. त्या शक्तीला ठोसे मारून हरवता येत नाही. बॉब स्वतःवरच ठोसे मारत राहतो आणि बाकीचे सगळे मिळून त्याला धरून ठेवतात. सुपरहीरो-पटाच्या अखेरच्या वीस मिनिटांत एकही इमारत न पाडता एवढा ताण निर्माण झालेला मी क्वचितच पाहिला आहे. असे असूनही तो चालला नाही. नागपुरातही पहिल्या आठवड्यानंतर त्याचे खेळ भराभर कमी झाले. याचे कारण चित्रपटात सापडणार नाही, आधीच्या चार वर्षांत सापडेल. “ते पाहाले आधी काय काय पाहावं लागते बे?” हा प्रश्न आमच्या मंडळात तिकीट काढण्यापूर्वी विचारला गेला, आणि ज्याने विचारला तो आलाच नाही. विश्वास गेल्यावर चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळत नाही.

जुलैमधील ‘सुपरमॅन’ने या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर दिले. जेम्स गन यांनी क्रिप्टॉन या जन्मग्रहाचा नाश, बाळाला घेऊन आलेला पाळणा, शेतातले बालपण हे सगळे वगळून पडद्यावर केवळ काही ओळी लिहिल्या: तीन शतकांपूर्वी काय झाले, तीन दशकांपूर्वी काय, तीन वर्षांपूर्वी, तीन आठवड्यांपूर्वी, तीन तासांपूर्वी, आणि तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन पहिल्यांदा लढाई हरला. तो बर्फात येऊन आदळतो, शीळ घालतो आणि क्रिप्टो नावाचा अवखळ कुत्रा धावत येतो. लागणारी सगळी माहिती तेवढ्यात मिळून जाते. डेव्हिड कोरनस्वेट यांचा सुपरमॅन भला आहे आणि आपल्या भलेपणाबद्दल तो संकोचत नाही, रेचल ब्रॉस्नहन यांच्या पत्रकार लोइस लेनने घेतलेली त्याची मुलाखत तर दोन चांगल्या नटांचा सवाल-जबाब म्हणून स्वतंत्रपणे पाहावी अशी आहे. दोष आहेत. ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल आणि मिस्टर टेरिफिक या इतर नायकांची इतकी गर्दी केली आहे की पुढच्या चित्रपटांची बी-पेरणी चालू असल्याचे लक्षात येते. शिवाय भारतात सेन्सॉरने चुंबनदृश्यांतील सुमारे अर्ध्या मिनिटाचा भाग कापला, त्यामुळे एका महत्त्वाच्या प्रसंगाला विनाकारण झटका बसला. तेरा वर्षांवरील मुलांसाठी प्रमाणपत्र द्यायचे आणि वर कात्रीही चालवायची, हे कोणत्या तर्काने, ते सेन्सॉर मंडळच जाणे. जगभरातील ६१ कोटी डॉलरची कमाई प्रचंड म्हणता येणार नाही, पण नव्याने सुरुवात करणाऱ्या दुकानाला ती पुरेशी आहे.

‘फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ची गोष्ट साठच्या दशकासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच पृथ्वीवर घडते, त्यामुळे आपोआपच कोणताही गृहपाठ लागत नाही. जगाला वाचवायचे असेल तर आपले तान्हे मूल द्या, अशी ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची मागणी आणि त्यावर संतापलेली जनता, हा पेच पौराणिक आख्यानात शोभावा इतका मोठा आहे. उत्तरार्धात मात्र तो घाईने सोडवला आहे. लहान मुलांना घेऊन पाहायचा असेल, तर चारांपैकी हा सर्वांत निर्धोक.

आमच्या मंडळात माझ्या या मताला खरा विरोध होतो तो माझ्या पुतण्याकडून. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या मते मी वस्तूच चुकीची समजलो आहे. “काका, जोडलेलं असणं हीच तर मजा आहे,” असे तो म्हणतो, आणि पुरावा म्हणून ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ पुढे करतो. त्या चित्रपटात फॉक्स कंपनीच्या जुन्या एक्स-मेन चित्रपटांचे, ‘लोगन’चे आणि ‘लोकी’ मालिकेचे इतके संदर्भ आहेत की माझ्या कसोटीनुसार तो कोसळायला हवा होता. मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. मला असे वाटते की त्या चित्रपटाने नवा गृहपाठ दिला नाही, वीस-पंचवीस वर्षे मनात साठलेली आठवण वटवून दिली. ह्यू जॅकमन यांना वुल्व्हरिन म्हणून लोक २००० सालापासून ओळखतात. तीन स्पायडर-मॅन एकत्र आणणाऱ्या ‘नो वे होम’चेही तेच. अडचण अशी की अशी शिल्लक एकदाच काढता येते. २०२१ नंतर आलेल्या पात्रांपैकी किती जणांना वीस वर्षांनी परत आणल्यावर टॉकीजमध्ये शिट्ट्या पडतील, या माझ्या प्रश्नाला पुतण्याने येलेना हे एकच नाव दिले.

आणि नेमकी हीच शिल्लक पुन्हा काढण्याची तयारी झालेली आहे. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात, पूर्वी आयर्न मॅन साकारलेले रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी मुखवटा काढला आणि ते डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परतणार असल्याचे जाहीर झाले. ‘एंडगेम’चे दिग्दर्शक रूसो बंधूही परत आले. मार्च २०२५ मध्ये तर पाच तासांहून अधिक काळ थेट प्रक्षेपणातून केवळ खुर्च्या दाखवण्यात आल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एका नटाचे नाव, अशी २७ नावे, आणि त्यांत जुन्या एक्स-मेन चित्रपटांतील पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयान मॅकेलन हेही. जगभरातील लाखो शहाणी माणसे रिकाम्या खुर्च्या पाहत बसली होती आणि त्यांत आमचे मंडळही होते. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख आणि ‘सीक्रेट वॉर्स’साठी डिसेंबर २०२७ अशी घोषणा आहे. हे दोन्ही चित्रपट पैसे मिळवतील याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यानंतरच्या तिसऱ्या चित्रपटाबद्दल, ज्यात परतण्यासाठी कोणी उरलेले नसेल. ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ मध्ये या चित्रपटांची तुलना थीम पार्कशी केली, तेव्हा चाहते फार चिडले होते. मला ती तुलना आज उलट उदार वाटते, कारण एका पाळण्यातून उतरल्यावर दुसऱ्यात बसलेच पाहिजे, असे थीम पार्कमध्ये कोणी म्हणत नाही.

आपल्या विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते. वडसा येथील नाटक कंपन्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात, दरवर्षी नवे नाटक येते, नट पुष्कळदा तेच असतात, विनोदाच्या जागा ठरलेल्या असतात आणि आप्तांसह आलेले गाव पहाटेपर्यंत हलत नाही. साचा तोच असूनही प्रेक्षक कंटाळत नाही, कारण मागच्या वर्षीचे नाटक पाहिले होते का, असे तंबूच्या दारावर कोणी विचारत नाही. साच्याचा कंटाळा येतो हा समज म्हणूनच मला मान्य नाही. ओळखीच्या साच्यात लोक आनंदाने बसतात, फक्त बसायला जागा हवी.

भारतीय भाषांतील काही चित्रपटांनी हे बरोबर ओळखलेले दिसते. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला मल्याळम ‘मिन्नल मुरली’ हा या प्रकारातील मला सर्वांत पूर्ण वाटलेला माल आहे. खेड्यातील एक शिंपी, एक वीज आणि त्याच विजेने शक्ती मिळालेला, आयुष्याने नाडलेला दुसरा माणूस, एवढ्या भांडवलावर बेसिल जोसेफ यांनी खलनायकासाठीही डोळे ओले व्हावेत असा चित्रपट केला. तेलुगू ‘हनुमान’ने जानेवारी २०२४ मध्ये आणि मल्याळम ‘लोका’ने ऑगस्ट २०२५ मध्ये हॉलीवूडच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चात मोठी मजल मारली. ‘लोका’ने केरळच्या लोककथेतील यक्षीला बंगळूरच्या फ्लॅटमध्ये आणून बसवले आणि ३०० कोटी रुपयांच्या वर कमाई केली. मात्र त्याच्या नावातच पहिला अध्याय असे लिहिलेले आहे आणि पुढचे अध्याय आखलेले आहेत. जी मोजपट्टी मी मार्व्हलला लावली तीच तेथेही लागेल. मराठीत २०१५ मध्ये श्रेयस तळपदे यांना मुखवटा चढवून निखिल महाजन यांनी ‘बाजी’ केला होता. तो फसला असला तरी त्यानंतर त्या वाटेला मराठीने जवळजवळ पाठच फिरवली, याची खंत वाटते.

मराठी ग्राहकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अ‍ॅनिमेशनपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. मुंबई आणि मॅनहॅटन यांची सरमिसळ असलेल्या मुंबॅटनमधला पवित्र प्रभाकर मराठीत बोलू शकतो, ही कल्पनाच सुखद होती. चित्रकलेच्या दृष्टीने तो चित्रपट या संपूर्ण दोन दशकांतील सर्वांत देखणा आहे आणि तरीही तो ऐन रंगात अर्ध्यावर तुटतो. पुढचा भाग मार्च २०२४ मध्ये यायचा होता, तो आता २०२७ वर गेला आहे. माझ्या सर्वांत आवडत्या चित्रपटालाही या दोषाबद्दल माफी देता येत नाही.

राहता राहिली चित्रपटगृहातील सेवा. शहरातील एका मल्टिप्लेक्समध्ये, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, श्रेयनामावली सुरू होताच सगळे दिवे लावले जातात आणि झाडू घेतलेले कर्मचारी रांगांत शिरतात. ज्या मालाचा शेवटचा तुकडा मुद्दाम अगदी अखेरीस ठेवलेला असतो, तो विकणाऱ्याने निदान तेवढा वेळ अंधार ठेवावा. हॉलीवूडच्या चित्रपटांत मध्यंतराची जागा मुळात नसतेच, त्यामुळे ती आपल्याकडे कोठेही पाडली जाते. एकदा तर संवादाचे वाक्य अर्धे असतानाच पडद्यावर शीतपेय अवतरले. हिंदी डबिंगबद्दल मात्र तक्रार नाही. आयर्न मॅनला राजेश खट्टर यांनी दिलेला आवाज अनेक नागपूरकरांना मूळ आवाजाइतकाच आपला वाटतो आणि इंग्रजी खेळ रात्री उशिराचे असल्याने कुटुंबासह जाणाऱ्यांना हिंदीचाच आधार असतो.

खरेदीचा सल्ला विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. थ्रीडीचे जादा पैसे देऊ नयेत, कारण यातील बहुतेक चित्रपट साध्या पद्धतीने चित्रित करून नंतर थ्रीडीत रूपांतरित केलेले असतात आणि चष्म्यातून पडदा काळवंडतो तो वेगळाच. या प्रकाराशी अजिबात ओळख नसलेल्यांनी ‘मिन्नल मुरली’पासून सुरुवात करून मग ‘सुपरमॅन’ पाहावा. ‘थंडरबोल्ट्स’ प्रौढांनी घरी निवांत पाहावा, मात्र त्यात नैराश्याचा आणि बालपणीच्या मारहाणीचा विषय असल्याने लहान मुलांना सोबत बसवू नये. ‘डूम्सडे’च्या पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाची तिकिटे पुतण्या काढणार आहे आणि त्यातील एक माझे आहे. वहिनींसाठी काढायचे की नाही, हे मी पाहून आल्यावर ठरेल.